तुला आणि बल

प्राचीन धर्मशास्त्रात साक्षी, लेख आणि भुक्ती, म्हणजे मालमत्तेचा प्रत्यक्ष उपभोग, ही मानवी प्रमाणे अपुरी पडली, तर न्यायनिर्णयासाठी ‘दिव्य’ नावाच्या दैवी प्रमाणाचा आश्रय घ्यावा, असे सांगितले आहे, आणि याज्ञवल्क्यस्मृतीने जी पाच दिव्ये गणली त्यांत पहिले दिव्य तुलेचे, म्हणजे तराजूचे आहे. आरोपीला एका पारड्यात बसवून दुसऱ्या पारड्यात दगड किंवा माती घालून त्याचे वजन करीत, खूण करून त्याला खाली उतरवीत, तुलेला सत्याची साक्षी म्हणून आवाहन करीत आणि मग त्यालाच पुन्हा पारड्यात बसवीत. या दुसऱ्या वेळी तो हलका भरून वर गेला तर निर्दोष आणि जड भरून खाली गेला तर दोषी, असा निर्णय होई. हे दिव्य स्त्रिया, बालके, वृद्ध, अंध, पंगू, ब्राह्मण आणि रोगी यांच्यासाठी नेमलेले होते, आणि अग्नी, जल व विष यांच्यापेक्षा ते सौम्य असल्यामुळेच ही योजना झाली असावी. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात दिव्यांची सविस्तर चर्चा केली आहे. या विधीच्या मुळाशी पापाला भार असतो आणि शुद्धतेला लाघव असते, अशी एक श्रद्धा उभी आहे, आणि देहाच्या वजनावरून माणसाच्या अंतरंगाचा निवाडा करता येतो, हे गृहीत तिच्यातच सामावलेले आहे.

न्यायालयातून हे दिव्य केव्हाच हद्दपार झाले. ते गृहीत मात्र गेले नाही. व्यायाम सुरू केलेल्या माणसाला सर्वप्रथम विचारला जाणारा प्रश्न ‘किती किलो उतरले?’ हाच असतो, आणि उत्तरादाखल काट्यावरचा आकडा खाली गेलेला असेल तर विचारणाऱ्याच्या मनात त्या माणसाच्या संयमाविषयी, चिकाटीविषयी, किंबहुना चारित्र्याविषयीही एक अनुकूल मत तयार होते, तर आकडा तिथेच असेल तर आळस, खादाडपणा आणि मनाचा दुबळेपणा हे आरोप न बोलताच सिद्ध झाले असे मानले जाते. म्हणजे ज्याला आज फिटनेस म्हणतात त्या सुदृढतेचे मोजमाप करण्याचा हा प्रश्न वरवर वैद्यकीय दिसत असला, तरी त्याच्या तळाशी एक तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे: देहाच्या प्रगतीचे प्रमाण कोणते? येथे ‘प्रमाण’ हा शब्द भारतीय दर्शनांतील अर्थाने, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन या अर्थाने घेतला आहे. वजन हे असे साधन आहे काय, आणि नसेल तर ते ज्ञान कोठून मिळवावे, याचा विचार करण्याची सामग्री आपल्या परंपरेत विपुल आहे.

या विचाराचा पहिला धागा वैशेषिक दर्शनात सापडतो. या दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी गणलेल्या २४ गुणांत ‘गुरुत्व’ म्हणजे जडपणा हा एक गुण आहे. तो पृथ्वी आणि जल या दोनच द्रव्यांत राहतो, तो इंद्रियांना प्रत्यक्ष होत नाही, आणि वस्तू खाली पडते या कार्यावरून त्याचे अनुमान करावे लागते. न्याय-वैशेषिकांच्या मते मनुष्यदेह पार्थिव आहे, तेव्हा त्याला गुरुत्व असणारच. पण गुरुत्वाचे कार्य म्हणून या दर्शनाने जे सांगितले ते पतन, खाली पडणे, एवढेच. चालणे, उचलणे, चढणे, तोल सांभाळणे या क्रियांचे कारण म्हणून गुरुत्वाचा उल्लेख होत नाही. त्यांच्यासाठी प्रयत्न हा वेगळा गुण मानलेला आहे. वजनकाटा जे मोजतो ते नेमके हे गुरुत्व, म्हणजे पृथ्वी देहाला किती ओढते याचा आकडा आहे. देह पृथ्वीच्या त्या ओढीविरुद्ध काय करू शकतो, याविषयी त्या आकड्यात काहीच नसते.

दुसरा धागा मीमांसकांचा आहे. अग्नी जाळतो, पण विशिष्ट मणी किंवा मंत्र जवळ असेल तर तोच अग्नी, रूपात काहीही बदल न होता, जाळेनासा होतो, असे उदाहरण घेऊन मीमांसकांनी ‘शक्ती’ हा दिसणाऱ्या रूपाहून वेगळा पदार्थ मानला. नैयायिकांनी त्याला हरकत घेऊन प्रतिबंधकाचा अभाव एवढ्यानेच काम भागते असे म्हटले. हा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि तो येथे मिटवण्याची गरजही नाही. कारण सामर्थ्य डोळ्यांना दिसत नाही, ते कार्यावरूनच कळते, एवढे दोन्ही पक्षांना मान्य आहे. सुदृढता ही अशीच गोष्ट आहे. ती आरशात दिसत नाही आणि काट्यावर उभी राहत नाही. तिसऱ्या मजल्यावर चढून गेल्यावर श्वास किती वेळात शांत होतो, जमिनीवर मांडी घालून बसलेला माणूस हाताचा आधार न घेता उठू शकतो की नाही, पाण्याने भरलेली घागर तो किती अंतर नेऊ शकतो, अशा कार्यांवरूनच तिचे अनुमान होते.

अनुमान म्हटले की हेतूची शुद्धता तपासावी लागते. ‘या माणसाची प्रगती झाली आहे, कारण त्याचे वजन कमी झाले आहे’ या वाक्यात वजनातली घट हा हेतू आणि प्रगती हे साध्य आहे. न्यायशास्त्रात जो हेतू साध्य असलेल्या ठिकाणी आढळतो आणि साध्य नसलेल्या ठिकाणीही आढळतो त्याला ‘सव्यभिचार’ हेत्वाभास, म्हणजे हेतूसारखा दिसणारा पण निर्णयाला निरुपयोगी असा हेतू म्हणतात. वजन व्यायामाने कमी होते, तसेच ते क्षयरोगाने, अनियंत्रित मधुमेहाने, उपासमारीने आणि शोकानेही कमी होते. उलट नियमित बलसाधना करणाऱ्याचे वजन स्थिर राहू शकते किंवा वाढूही शकते. तेव्हा हा हेतू उघडउघड सव्यभिचारी आहे. एखाद्या पाठशाळेतील नवख्या विद्यार्थ्यानेही जो दोष दाखवून दिला असता, तो दोष असलेले अनुमान आज सुशिक्षित समाजात रोज निःशंकपणे केले जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

या अनुमानाला शास्त्राचे वस्त्र कसे मिळाले, हेही पाहण्यासारखे आहे. बेल्जियमचा खगोलज्ञ आणि सांख्यिकीतज्ज्ञ अदोल्फ केतले (१७९६–१८७४) याने मोठ्या लोकसंख्येतील ‘सरासरी मनुष्य’ कसा असतो याचा शोध घेताना प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे नोंदवले. त्याला कोणा एका व्यक्तीचे आरोग्य ठरवायचे नव्हते. १९७२ मध्ये अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अँसल कीज आणि सहकाऱ्यांनी पाच देशांतील ७,००० हून अधिक पुरुषांच्या मोजमापांवरून याच गुणोत्तराला ‘बॉडी मास इंडेक्स’ म्हणजे बीएमआय हे नाव दिले, आणि लोकसंख्येच्या अभ्यासासाठी ते सोयीचे आहे असे सांगितले. त्या मोजमापांत स्त्रिया नव्हत्या. समूहासाठी घडवलेले हे साधन पुढे दवाखान्यांत, विमा कंपन्यांत आणि व्यायामशाळांत एकेका माणसाच्या कपाळी लावले गेले. समूहाविषयीचे सत्य त्यातील प्रत्येक घटकाविषयी सत्य असतेच असे नाही, हा तर्काचा प्राथमिक नियम या स्थलांतरात हरवला.

तो कसा हरवला याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण पुण्यातून आले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहसंशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्या बाबतीत ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या बाबतीत २१.२ टक्के भरले. आकडा एक आणि देह दोन. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत माता आणि बालकांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यात असेही दिसले की तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमने कमी असते, आणि तरीही त्यांच्यात स्नायू कमी पडलेले असताना चरबी तुलनेने टिकून असते. कृश दिसणारा देह आतून स्थूल असू शकतो, हे सत्य भारतीय शरीराच्या बाबतीत जन्मापासूनच लागू आहे, आणि म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकसंख्यांसाठी २५ आणि ३० या सर्वसाधारण सीमांखेरीज २३ आणि २७.५ या खालच्या सावधगिरीच्या सीमा सुचवल्या. ज्या भारतीयाचे वजन ‘योग्य’ आहे त्यालाही या आकड्याने निश्चिंत करू नये, हा या संशोधनाचा दुसरा आणि फारसा लक्षात न घेतला जाणारा अर्थ आहे.

काट्यावरच्या आकड्यात काय काय मिसळलेले असते, हे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. हाडे, स्नायू, चरबी, आतड्यातील अन्न आणि पाणी या सर्वांची ती बेरीज असते. स्नायूंत साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते, त्यामुळे एका सणाच्या जेवणाने किंवा एका दिवसाच्या उपवासाने एक-दोन किलोंचा फरक सहज पडतो, आणि त्याचा चरबीशी संबंध नगण्य असतो. बलसाधना सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती मुख्यतः स्नायूंच्या आकारामुळे नसते, तर मज्जासंस्था स्नायुतंतूंना अधिक संख्येने आणि अधिक सुसूत्रपणे कामाला लावू लागते म्हणून असते, हे मोरितानी आणि डीव्हरिस यांच्या १९७९ च्या प्रयोगांपासून ज्ञात आहे. म्हणजे साधकाची पहिली खरी प्रगती ज्ञानतंतूंत होते, आणि तिला वजनच नसते. नेमक्या याच काळात काट्याकडे पाहून कित्येक जण व्यायाम सोडून देतात.

आयुर्वेदाने देहाचा विचार ज्या शब्दाभोवती केला तो शब्द ‘बल’ हा आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात रोग्याची परीक्षा दहा अंगांनी करावी असे सांगितले आहे: प्रकृती, विकृती, सार म्हणजे धातूंची उत्तमता, संहनन म्हणजे देहाची घट्ट बांधणी, प्रमाण म्हणजे अवयवांचे माप, सात्म्य म्हणजे सवयीने मानवणारे आहारविहार, सत्त्व म्हणजे मनाचे बळ, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय. या दहांत माप हे एकच अंग आहे, आणि व्यायामशक्ती हे त्याहून वेगळे, स्वतंत्र अंग आहे, जिची परीक्षा चरक काम करण्याच्या क्षमतेवरून करायला सांगतो. मापाच्या बाबतीतही एक सूक्ष्म गोष्ट आहे. अवयवांची लांबी-रुंदी अंगुळांत मोजावी, पण ती अंगुळे त्या माणसाच्या स्वतःच्या बोटांची असावीत, असा नियम आहे. स्वांगुळाचे हे तत्त्व म्हणजे देहाचा मापदंड त्या देहातच आहे, बाहेरच्या सरासरी मनुष्यात नाही, याची स्पष्ट कबुली आहे. केतलेच्या विचाराच्या अगदी उलट टोकाला उभा असलेला हा विचार त्याच्या कित्येक शतके आधीचा आहे.

हेच तत्त्व व्यायामाच्या मात्रेलाही लावलेले आहे. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असे आयुर्वेदीय ग्रंथ सांगतात, आणि ही अर्धी शक्ती कशी ओळखावी याची खूण सुश्रुताने दिली आहे: हृदयातील वायू मुखाकडे येऊ लागतो, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागतो, ती अर्धी शक्ती संपल्याची वेळ होय. कोणाची अर्धी शक्ती किती, हे दुसऱ्याच्या शक्तीवरून ठरत नाही. आज व्यायाम शिकवणारे ‘बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चाला’ असे जे सांगतात, त्यामागचे शरीरशास्त्र आणि सुश्रुताची खूण ही एकाच अनुभवाची दोन वर्णने आहेत. आणि व्यायामाचे फळ म्हणून चरकाने सूत्रस्थानात जी यादी दिली तिच्यात लाघव, कामाचे सामर्थ्य, स्थैर्य, दुःख सहन करण्याची क्षमता, दोषांचा क्षय आणि अग्नीची वृद्धी यांचा समावेश आहे. यातले लाघव हे अंगाला जाणवणारे हलकेपण आहे; उठता-बसताना देह ओझे वाटेनासा होणे, हा त्याचा अनुभव आहे, आणि वजन तेवढेच असतानाही तो येऊ शकतो.

येथे एका आक्षेपाला प्रामाणिकपणे सामोरे गेले पाहिजे. आयुर्वेदाने स्थूलतेकडे दुर्लक्ष केले, असे मुळीच नाही. चरकाने निंदित मानलेल्या आठ प्रकारच्या देहांत अतिस्थूल आणि अतिकृश हे दोन विशेष निंदित मानले आहेत, आणि त्या दोहोंतही कृशता बरी असे स्पष्ट म्हटले आहे. हठयोगप्रदीपिकेत हठसिद्धीची जी लक्षणे दिली आहेत त्यांत देहाची कृशता प्रथम येते. आधुनिक वैद्यकही पोटाभोवतीच्या चरबीला धोकादायक मानते, आणि भारतीयांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर या मर्यादेत असावा, असे सांगते. हे सर्व खरे आहे, आणि अतिरिक्त चरबी निरुपद्रवी आहे असा दावा करणे म्हणजे लोकांची दिशाभूल करणे होय. परंतु चरकाने अतिस्थूल कोणाला म्हटले, हे पाहिले की चित्र पालटते. मेद आणि मांस अतिशय वाढल्यामुळे ज्याचे नितंब, उदर आणि स्तन हलतात, आणि ज्याचा उत्साह त्याच्या देहाच्या वाढीला साजेसा नसतो, तो अतिस्थूल, अशी ती व्याख्या आहे. उत्साह, म्हणजे कार्याला प्रवृत्त होण्याचे बळ, व्याख्येतच बसवलेला आहे. त्याच अध्यायात प्रशंसनीय देहाचे वर्णन करताना मांसाचे प्रमाण सम असलेला, बांधणी सम असलेला, इंद्रिये दृढ असलेला आणि भूक, तहान, ऊन, थंडी व व्यायाम सहन करू शकणारा, अशी लक्षणे येतात. हठयोगप्रदीपिकेतही कृशता एकटी नाही. प्रसन्न मुख, स्पष्ट नाद, निर्मळ नेत्र, आरोग्य, प्रदीप्त अग्नी आणि नाडीशुद्धी यांच्या सोबतीने ती आली आहे, आणि सोबत तुटली की तिचे लक्षणत्वही संपते. योगसूत्रांच्या विभूतिपादात कायसंपत्ती म्हणून रूप, लावण्य, बल आणि वज्रासारखी दृढ बांधणी ही चार सांगितली आहेत. त्यांत कृशतेचा उल्लेख नाही.

लंडनच्या दुमजली बसगाड्यांनी या विचाराला अनपेक्षित पुरावा दिला. जेरी मॉरिस या वैद्याने १९५३ मध्ये दाखवले की दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना, दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो. वाहक मुळातच सडपातळ असतील म्हणून असे झाले असेल, ही शंका रास्त होती. तिचा निकाल लावण्यासाठी १९५६ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी दोघांच्या गणवेशांतील विजारींच्या कमरेची मापे तपासली. चालकांच्या कमरा खरोखरच मोठ्या होत्या, परंतु वाहक सडपातळ असो, मध्यम असो की लठ्ठ, त्याला मिळालेले संरक्षण कायम होते. पुढे १७ देशांतील सुमारे १,४०,००० लोकांच्या अभ्यासात, ज्यात भारतही होता, हाताच्या पकडीची ताकद पाच किलोने कमी असली की मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्के अधिक आढळला. हा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पकड ही बाळंतपणात, शेतात, स्वयंपाकघरात, म्हातारपणी जिन्याच्या कठड्यावर उपयोगी पडणारी शक्ती आहे, आणि ती घरातल्या काट्यावर नोंदली जात नाही. वय वाढताना वजन वर्षानुवर्षे तेच राहूनही आतून स्नायू घटत आणि चरबी वाढत जाऊ शकते, ही गोष्ट विशेषतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांनी ध्यानात घेण्याजोगी आहे, कारण त्यांना ‘तुझे वजन काही वाढले नाही’ असे कौतुकाने सांगितले जाते आणि झीज लपून राहते.

धर्माच्या अंगाने पाहिले तर या प्रश्नाचे सर्वांत नाजूक स्थान उपवास आणि तप हे आहे. एकादशी, चातुर्मास, नवरात्र या व्रतांतून देह हलका व्हावा अशी इच्छा आता उघडपणे बोलून दाखवली जाते, आणि व्रताचे फळ काट्यावर पाहिले जाते. गीतेच्या सतराव्या अध्यायात तीन प्रकारच्या तपांचे वर्णन करण्यापूर्वीच, शास्त्रात न सांगितलेले घोर तप करून देहातील भूतसमुदायाला कृश करणाऱ्यांना आसुरी निश्चयाचे म्हटले आहे, आणि नंतर जेव्हा शारीर तपाची व्याख्या येते तेव्हा तिच्यात पूज्यांची पूजा, शुचिता, सरळपणा, ब्रह्मचर्य आणि अहिंसा एवढ्याच गोष्टी आहेत. उपाशी राहणे त्यात नाही. जैन परंपरेने सल्लेखनेची व्याख्या करताना देह आणि कषाय, म्हणजे क्रोध, मान, माया व लोभ, या दोहोंचे कृशीकरण सांगितले, आणि कषाय तसेच ठेवून झालेल्या देहाच्या कृशतेला मोल दिले नाही. गौतम बुद्धाने तर उपासाने अस्थिपंजर झालेल्या स्वतःच्या देहाच्या अनुभवावरून तो मार्गच सोडला. बौद्ध ग्रंथांतील सोण नावाच्या भिक्षूची कथा येथे फार समर्पक आहे: चंक्रमण करता करता, म्हणजे ध्यानपूर्वक येरझाऱ्या घालता घालता, त्याचे तळवे फुटून रक्त आले आणि तरी मुक्ती नाही म्हणून तो निराश झाला, तेव्हा बुद्धाने त्याला, तो पूर्वी वीणा वाजवीत असे याची आठवण देऊन, तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर सूर लागतो काय, असे विचारले. परिणाम दिसेना म्हणून प्रयत्न दुप्पट करणारा आणि मग सगळेच सोडून देणारा आजचा व्यायामी या सोणाचाच भाऊ आहे.

यातून एक खरा पेच उभा राहतो. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, असे गीता सांगत असेल, तर प्रगती मोजायचीच कशाला? वजन मोजणे ही फलासक्ती असेल, तर पकड, श्वास आणि नाडी मोजणे ही तशीच आसक्ती का नव्हे? एका आकड्याच्या जागी दहा आकडे आणल्याने बंधन सुटते की वाढते? हा आक्षेप बळकट आहे, कारण मनगटावरच्या यंत्रात रोजची पावले, झोपेचे तास आणि हृदयाचे ठोके पाहून दिवसाचा आनंद ठरवणारी माणसे वाढत आहेत, आणि त्यांचे दिव्य तर अहोरात्र चालू असते.

याचे उत्तर गीतेच्याच सहाव्या अध्यायातील ‘युक्त’ या कल्पनेत आहे. ज्याचे आहार, विहार, कर्मातील चेष्टा, झोप आणि जागरण युक्त, म्हणजे योग्य मात्रेत असेल त्यालाच योग दुःखनाशक होतो, असे तेथे म्हटले आहे. आणि मात्रा योग्य आहे की नाही हे पाहिल्यावाचून कळत नाही. तेव्हा पाहणे, तपासणे, नोंद ठेवणे हे कर्म नीट करण्याचे अंग आहे. कर्म सुधारण्यासाठी मोजणे आणि स्वतःचे मोल ठरवण्यासाठी मोजणे या दोन भिन्न क्रिया आहेत, जरी दोन्हींत आकडा एकच असला तरी. पहिलीत आकडा वाईट आला तर उद्याचा व्यायाम, जेवण किंवा विश्रांती बदलते. दुसरीत आकडा वाईट आला तर माणूस स्वतःला दोषी ठरवतो आणि तुलादिव्याचा आरोपी होतो. पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी दीर्घ काळ, अखंडता आणि आदर या अटी घातल्या, आणि अभ्यासाबरोबर वैराग्य जोडले, ते याच कारणाने. लोणावळ्यात १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी आसने आणि प्राणायाम यांचे परिणाम यंत्रांनी मोजले आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून मांडले. मोजणे आणि साधना यांत विरोध नाही, हे त्यांनी कृतीने दाखवले. ‘गीतारहस्या’चे कर्ते लोकमान्य टिळक यांनी डेक्कन कॉलेजमधले पहिले वर्ष मुख्यतः दुबळा देह बळकट करण्यात घालवले, हेही प्रसिद्ध आहे. पुढच्या कष्टांना पुरे पडेल असा देह त्यांना घडवायचा होता.

देह कशासाठी, हा प्रश्न विचारल्यावाचून देहाच्या प्रगतीचे प्रमाण ठरूच शकत नाही, आणि हे तालमीत घाम गाळणाऱ्यांना शास्त्रे न वाचताही कळलेले असते. कुस्तीत वजनाला स्थान आहे, किंबहुना फार कडक स्थान आहे. २०२४ मध्ये पॅरिस येथे विनेश फोगट अंतिम फेरी गाठूनही ५० किलो गटात सुमारे १०० ग्रॅम अधिक भरल्यामुळे अपात्र ठरली. पण तेथे वजन फक्त कोणी कोणाशी लढावे हे ठरवते. कोण जिंकेल हे ते सांगत नाही, आणि पात्रतेच्या त्या नियमाला मल्लाच्या बळाचे माप कोणी समजत नाही. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलोच्या गटात लढून सहावे आले. पुढची चार वर्षे त्यांनी कसून तयारी केली, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत ५७ किलोच्या गटात कांस्यपदक मिळवले, जे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. त्या चार वर्षांत त्यांचा वजनगट वर गेला होता.

तेव्हा व्यायामशाळा चालवणाऱ्या वस्तादांना आणि गुरुजींना, तसेच दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरांना एक विनंती करावीशी वाटते. नव्याने येणाऱ्याच्या वहीत पहिल्या दिवशी वजन जरूर लिहावे, कमरेचा घेरही लिहावा. पण त्यांच्या शेजारी तो किती वेळ न थांबता चालतो, किती मजले चढल्यावर त्याला दम लागतो आणि तो दम किती वेळात उतरतो, त्याच्या हाताची पकड किती आहे, आधार न घेता तो जमिनीवरून उठतो काय आणि त्याला रात्री झोप कशी लागते, हेही लिहावे, आणि तीन महिन्यांनी त्याला ती सगळी पाने दाखवावीत, एकटा वजनाचा आकडा नव्हे.